मोहटोल्याच्या तलावाचं अपील

मासोळी आणायला गेलेला माणूस कायदा घेऊन घरी परतल्याचं उदाहरण लाखांदुरात माझ्याआधी नव्हतं. माझ्यानंतरही कोणी त्या वाटेला गेल्याचं ऐकिवात नाही.

साल एकोणऐंशीचं. मी हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवत होतो. नागरिकशास्त्र हा वीस मार्कांचा विषय. गणिताचे मास्तर आमच्याकडे बघूनसुद्धा न बघितल्यासारखं करत, आणि पीटीच्या मास्तरांना पोरं मैदान झाडायला न्यायची असली की ते माझाच तास मागत. माणूस वर्षानुवर्षं असा वीस मार्कांत राहिला की त्याला एकदा तरी शंभर मार्कांचं काही करून दाखवावंसं वाटतं. ही इच्छा वाईट. तिच्यापायी राज्यं बुडाली आहेत. माझी फक्त एक चप्पल बुडाली, पण ते पुढे येईलच.

मोहटोला हे साकोलीच्या रस्त्यावरचं गाव. गावाला मोठा तलाव आणि ढिवरांची मच्छीमार संस्था. उन्हाळ्यात पाणी उतरलं की एक दिवस ठरवून सगळे मिळून मोठं जाळं टाकतात, आणि जे सभासद त्या वेळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, हजर असतील त्यांच्यात मासोळी सारखी वाटून घेतात. जो हजर नाही त्याला वाटा नाही. दिवस ठरवायचा संस्थेच्या सेक्रेटरीनं. सेक्रेटरी होता मुरारी, आणि अध्यक्ष धनीराम, म्हणजे मुरारीचा साळा.

त्या रविवारी मी पिशवी घेऊन गेलो, तर चिंचेखाली संस्थेची वार्षिक सभा चाललेली. सहकार खात्याचे एक साहेब खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून रेवताबाई उभी होती. रेवताबाई संस्थेची जुनी सभासद; लाखांदूरच्या बाजारात मासोळी विकायची. तिचा आवाज बाजाराच्या एका टोकाला सुरू झाला की दुसऱ्या टोकाला भाव उतरत.

"गेल्या उन्हाळ्यात मी याले तोंडावर विचारलं," मुरारीकडे बोट दाखवून ती म्हणाली, "जाळं कवा टाकतेस रे? तं म्हणते, मावशी, अजून काई ठरलं नाई. म्हून मी पोरीकडं वरठीले गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच यानं जाळं टाकलं! सालभर तलाव राखाले मी, आन् वाट्याच्या वक्ती मी गैरहजर. काहून सांगतलं नाई मले?"

मुरारी नम्रपणे म्हणाला, "तवा ठरलंच नव्हतं मावशी. तुमी गेल्यावर ठरलं."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना परतीची गाडी गाठायची होती. ते म्हणाले, "असं करा, एक उपविधी बनवा. सभासदानं संस्थेबद्दल काही विचारलं, तर आठ दिवसांत सांगितलं पाहिजे. नाही सांगितलं, तर त्याला अपील करता आलं पाहिजे. अपील कोणाकडे, कसं, सगळं नीट लिहा. गावात कोणी शिकलेलं आहे?"

आता नागरिकशास्त्राच्या शिक्षकानं अशा वेळी काय करावं? झाडामागे जावं. मी खाकरलो.

*

"तुमाले मासोळी आणाले पाठवलं होतं," घरी निर्मला रिकाम्या पिशवीत हात घालून म्हणाली. निर्मला माझी पत्नी. "मसाला वाटून ठेवला मी. आता यात काय उपविधी टाकू?"

मी तिला लोकशाहीबद्दल चार शब्द सांगितले. त्या रात्री वांगं जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाच्या पलीकडून केवळरामजी आले. हे आमचे शेजारी. जन्मभर कोर्टात पुकारा करण्याची नोकरी करून निवृत्त झालेले. "अमुक तमुक हाजिर हो!" असं ओरडणं हे त्यांचं काम, पण तेवढ्यावरून आपल्याला सगळं कायदेशास्त्र येतं अशी त्यांची समजूत होती. ती मोडून काढण्याइतका कायदा आमच्या गल्लीत कोणालाच येत नव्हता.

"अपील बनवून राहिले म्हणे?" ते म्हणाले. "किती पायऱ्यांचं?"

"एकाच."

"एका पायरीचं अपील?" त्यांनी अशा नजरेनं पाहिलं, जणू मी एका पायाची खाट करायला घेतली होती. "खाली अर्ज, त्यावर अपील, त्यावर दुसरं अपील, त्यावर फेरविचार. माणूस हरला तरी पायऱ्या चढल्याचं समाधान पाहिजे ना जी त्याले."

हेडमास्तर म्हणाले, शाळेच्या वेळात लिहू नका. गणिताचे मास्तर म्हणाले, ढिवरांच्या भांडणात नागरिकशास्त्राचं काय काम? समोरच्या शकुनबाई म्हणाल्या, "त्यात एक कलम नळाचंही टाका ना भाऊजी. आमच्या नळाले पाणी कवा येते तेही कोणी सांगत नाई." नळ लाखांदूरचा, तलाव मोहटोल्याचा, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांना ते पटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही पूर्ण पटलं नाही.

तरीही मी लिहिला. सगळा उपविधी एका वाक्यावर उभा होता, आणि ते वाक्य माझं होतं: 'ज्यानं माहिती नाकारली त्यानं अपील ऐकू नये, आणि अपील ऐकणाऱ्याचा त्या गोष्टीत काडीचाही मतलब नसावा.' मी ते निर्मलाला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा ती झोपली होती.

*

मोहटोल्यात ते वाक्य सगळ्यांना आवडलं. अडचण पुढे आली. ज्याचा मतलब नाही असा माणूस आणायचा कुठून?

"अध्यक्षाकडे अपील," असं मी लिहिलं होतं. पण अध्यक्ष मुरारीचा साळा. मग सरपंच? त्याची बहीण धनीरामकडे दिलेली. पोलीस पाटील? तो रेवताबाईचा दीर, आणि तिच्याशी न बोलणारा दीर, म्हणजे दोन्हीकडून मतलबी. पोस्टमन गावचा जावई. न्हावी सगळ्यांचाच. चिंचेखाली बसून आम्ही अख्खं गाव चाळलं आणि शेवटी असं दिसलं, की मोहटोल्यात कोणाचाच कोणी नाही असा फक्त देवळातला मारुती आहे. तो बोलत नाही.

"मंग गुरुजीच का नाई?" धनीराम म्हणाला. "हे कोणाचेच नाई."

हे वाक्य तसं ऐकायला बरं नव्हतं, पण मी ते गौरव म्हणून घेतलं. मी अपील अधिकारी झालो. घरी येऊन मी कोट उन्हात टाकला. हेडमास्तरांच्या टेबलावर असते तशी एक घंटी विकत आणली. निर्मलानं ती वाजवून पाहिली आणि म्हणाली, "आवाज चांगला आहे. भाजीवाल्याले बोलवाले कामी येईन."

मी अपिलांची वाट पाहू लागलो. अपील येईना.

कारण मुरारी हुशार होता. माहिती नाकारली तर अपील, असा नियम. म्हणून तो नाकारतच नव्हता. रेवताबाईनं रीतसर विचारलं, यंदा जाळं कधी? तो म्हणाला, "पाहून सांगतो." आठ दिवसांनी विचारलं, तरी "पाहून सांगतो." तो अगदी प्रेमानं पाहत होता आणि सांगत नव्हता. मी दुरुस्ती केली: मुदतीत न सांगणं म्हणजे नाकारणंच. त्यावर त्यानं त्याच दिवशी उत्तर दिलं, "पाणी उतरल्यावर." मी पुन्हा दुरुस्ती केली: उत्तर असं पाहिजे की विचारणाऱ्याला त्याचा उपयोग झाला पाहिजे. आमचा उपविधी आता गोधडीसारखा दिसू लागला होता.

या भानगडीत पहिलं अपील आलं ते डोमाचं. डोमा हा संस्थेचा एक सभासद. त्याची बायको रुखमा भांडून माहेरी गेली होती. ती कधी येणार, असं त्यानं सेक्रेटरीला विचारलं. मुरारी म्हणाला, ते तिलेच विचार. डोमानं अपील केलं.

"डोमा," मी समजावलं, "ही संस्थेची माहिती नाही."

"काहून नाई? रुखमा संस्थेची सभासद आहे. मी सभासद आहे. संस्थेचे दोन सभासद एकमेकांशी बोलून नाई राहिले, आन् संस्थेले माहीत नाई?"

मुद्दा बिनतोड होता. मी तरीही अपील फेटाळलं. पण झालं असं, की आपलं माहेरी येणं भर सभेत अपिलात निघालं हे रुखमाच्या कानावर गेलं, आणि ती तावातावानं तडक मोहटोल्याला आली, नवऱ्याला जाब विचारायला. आली ती आलीच. जाब विचारून झाल्यावर स्वयंपाकाला लागली. गावात बोलबाला झाला की गुरुजींचं अपील लागू पडतं. फेटाळलेलं असूनही लागू पडतं, हे विशेष. त्यानंतर प्रश्नांचा जो पूर आला, त्यात धनीरामची नवी सायकल कुठून आली इथपासून तलावातला मोठा मागूर मासा अजून जिवंत आहे का इथपर्यंत सगळं होतं. मुरारीनं मागूरचं उत्तर दिलं: "आहे." पुरावा मागितल्यावर तो म्हणाला, "बुडी मारून पाहा."

*

शेवटी रेवताबाईचं अपील आलं. खरं अपील. सुनावणीला सगळा मोहटोला चिंचेखाली जमला. शाळेतून टेबल आणलं होतं. मी कोट घातला होता. पुकाऱ्यासाठी केवळरामजी स्वतः होऊन आले होते, जुना खाकी कोट आणि पितळी बिल्ल्याचा पट्टा लावून.

"रेवताबाई हाजिर हो!" त्यांनी आरोळी ठोकली. चिंचेवरचे बगळे उडाले. रेवताबाई त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होती.

मुरारीनं आपली बाजू मांडली, आणि मला कबूल केलं पाहिजे की ती चांगली होती. "गुरुजी, तारीख सांगतली तं ती बाजारात जाते. बाजारातून आजूबाजूच्या गावाले जाते. मंग आदल्या दिवशीच कोणीतरी येऊन तलाव साफ करते. मागं एकदा असंच झालं, आमाले पाण्यातलं शेवाळ वाटून घ्याव लागलं. म्हून सांगत नाई."

लोकांनी माना डोलावल्या. खरंच तसं झालं होतं. माझ्या उपविधीत प्रत्येक गोष्ट सांगण्याची सोय होती, पण सांगितल्यानं ज्याचं नुकसान होतं अशा गोष्टीचं काय करायचं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मंग धनीरामले कशी माहीत होते?" रेवताबाई कडाडली. "जाळ्याच्या आदल्या दिवशी याच्या घरी मसाला वाटते! अर्ध्या गावाले वास येते. आमाले वास, आन् याले मासोळी!"

हशा झाला. धनीराम जमिनीकडे पाहू लागला. आता मुद्दा हातात आला होता. मी खाकरलो, घंटी वाजवली आणि निर्णय द्यायला तोंड उघडलं.

"एक विचारू जी?" मुरारी हात जोडून म्हणाला. "अपील ऐकणाऱ्याचा मतलब नसावा, हे तुमीच लिहिलं ना?"

"हो."

"तुमी मासोळी खाता?"

मी इकडेतिकडे पाहिलं. दर रविवारी पिशवी घेऊन येणारा माणूस काय सांगणार?

"जाळ्याचा दिवस कळला तं पहिला रोहू कोणाच्या पिशवीत जाईन?" मुरारीनं अगदी दुःखी आवाजात विचारलं. "मी आपला विचारून राहिलो. आठ दिवसांत सांगा."

असा अपमान माझा आयुष्यात झाला नव्हता, आणि तोही माझ्याच वाक्यानं. मी म्हणालो, "ठीक आहे. इथे मासोळी न खाणारा कोण आहे त्यानं पुढे यावं." कोणी हललं नाही. ढिवरांचं गाव, तिथे मासोळी न खाणारा शोधणं म्हणजे सोनारआळीत सोनं न ओळखणारा शोधणं. सगळे एकमेकांकडे पाहत होते.

"मी नाही खात," चिंचेच्या बुंध्यापाशी ताठ उभे असलेले केवळरामजी म्हणाले. "लहानपणी घशात काटा अडकला होता. तेव्हापासून वासही सोसत नाही. आत्ताही मी श्वास रोखूनच उभा आहे."

गाव आनंदानं ओरडलं. मुरारीचाही आक्षेप नव्हता. केवळरामजी सावकाश पुढे आले. त्यांनी पट्टा काढून माझ्या हातात दिला आणि माझ्या खुर्चीत बसले. जन्मभर ते त्या खुर्चीच्या बाजूला उभे राहिले होते. बसल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड एकदा चाचपून पाहिली. मला त्या क्षणी त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. जरासा उशिरा आला, ते म्हणाले तेव्हा: "गुरुजी, पुकारा."

"रेवताबाई हाजिर हो," मी म्हणालो.

"पोटातून काढा आवाज. वर्गातल्यासारखा नको. कोणी ऐकत नाही त्याले."

मी पुन्हा पुकारलं. रेवताबाई म्हणाली, "आहे ना जी इथंच, कितीदा सांगू?"

केवळरामजींनी डोळे मिटले. बराच वेळ मिटले. मग म्हणाले, "सेक्रेटरी म्हणते, तारीख सांगता येत नाही. मंजूर. रेवताबाई म्हणते, एकाले सांगून दुसऱ्याले न सांगणं बरोबर नाही. तेही मंजूर. म्हणून हुकूम असा: तारीख कोणालेच कळणार नाही. सेक्रेटरीलेही नाही, अध्यक्षालेही नाही. ती मी ठरवीन. उन्हाळ्यात ज्या दिवशी मी सकाळच्या पहिल्या गाडीनं मोहटोल्यात उतरीन, त्या दिवशी जाळं. मी उतरलो की डफ वाजवायचा, आन् शेवटचा सभासद पाळीवर येईपर्यंत जाळं पाण्यात जायचं नाही."

"आन् तुमी गुरुजीले सांगतलं तं?" मुरारीनं विचारलं.

"मी आदल्या दिवशी मलेच सांगणार नाही," केवळरामजी म्हणाले.

*

त्या उन्हाळ्यात आमच्या घरी जेवढे पाहुणे आले तेवढे आमच्या लग्नाला आले नव्हते. केवळरामजींना कोणी विचारायची सोय नव्हती; ते कुंपणापाशी माणूस दिसला की आत जात. मग लोक आमच्याकडे येत. धनीराम कोहळा घेऊन आला आणि तासभर केवळरामजींच्या तब्येतीची चौकशी करत बसला. झोप लागते का? सकाळी किती वाजता उठतात? कोट धुतला का? आमच्या हेडमास्तरांना एकाएकी नागरिकशास्त्राबद्दल आदर वाटू लागला. ते मला स्वतःच्या डब्यातली सुपारी देत आणि म्हणत, "तुमचे शेजारी काय म्हणतात?" निर्मलानं सगळ्यांना एकच उत्तर ठरवून टाकलं होतं: "त्यायच्या दोरीवर काल फक्त धोतर होतं."

तिकडे मोहटोल्यात पहिली गाडी येण्याच्या वेळी रस्त्याच्या कडेला माणसं रांगेनं उभी असत. गाडी थांबे, सगळे दाराकडे बघत, कोणीतरी अनोळखी बाई गाठोडं घेऊन उतरे, आणि सगळे निराश होऊन घरी जात. त्या बाईला आपलं काय चुकलं ते कळत नसे. कंडक्टर तुलाराम वैतागला होता. तो म्हणायचा, "रोज गाडीत डोकं घालून विचारतात, केवळरामजी आहे का? मी तिकीट फाडू का माणसं मोजू?"

तेवढ्यात केवळरामजींना भंडाऱ्याला जावं लागलं. पेन्शनच्या ऑफिसात आपण जिवंत आहोत हे समक्ष दाखवायचं होतं. मलाही उपविधी मंजुरीसाठी वरच्या ऑफिसात द्यायचा होता, म्हणून मी सोबत निघालो. वेळेवर पोहोचायचं तर पहिलीच गाडी. केवळरामजींनी त्याचाही विचार केला होता. "मोहटोला आला की मी सीटखाली वाकून बसीन. कोणी पाहिलं तर घोटाळा होईल. आन् कारध्याचा पूल आला की मले उठवा, तिथून वैनगंगा दिसते."

असं म्हणून त्यांनी डोकं खिडकीला टेकवलं आणि ते झोपले. मीही त्यांना उठवायचं म्हणून जागा राहण्याच्या प्रयत्नात झोपलो.

गाडी थांबली. बाहेर नेहमीची रांग. खिडकीतून कोणीतरी विचारलं असावं, कारण तुलारामनं अर्धवट चिडून गाडीत आवाज दिला, "केवळरामजी! मोहटोला!"

जन्मभर ज्यानं दुसऱ्यांची नावं पुकारली, त्याचं नाव असं मोठ्यानं कधी कोणी पुकारलं नसेल. केवळरामजी झोपेतच ताडकन उठले, "हाजिर!" म्हणाले आणि सरळ दारातून खाली उतरले. मी छत्री, पिशवी, उपविधीची कागदं कवटाळून त्यांच्यामागे "अहो, अहो" करत धावलो. मी उतरलो आणि गाडी गेली.

मग डफ वाजू लागला.

"गुरुजी," केवळरामजी डोळे चोळत कुजबुजले, "हे कोणतं गाव?"

"मोहटोला."

त्यांनी डफाकडे पाहिलं, धावणाऱ्या माणसांकडे पाहिलं. "सांगू का त्यांना? चूक झाली म्हणून?"

पण सांगणार कुणाला? खांद्यावर जाळी घेऊन लोक घराघरांतून धावत होते. रुखमा पुढे आणि डोमा मागे. पाटील एका पायात जोडा घालून. आणि सगळ्यांच्या आधी, सडा टाकता टाकता तशीच निघालेली, कोपरापर्यंत शेणाचे हात घेऊन, रेवताबाई तलावाच्या पाळीवर जाऊन उभी राहिली होती. तिनं हात वर करून सगळ्यांना दाखवले. "मी आली! लिहून घ्या, मी आली!"

सगळ्यांत शेवटी आला धनीराम, तोंडात कडुनिंबाची काडी घेऊन. त्याच्या घरी त्या दिवशी मसाला वाटलेला नव्हता. आमच्या पद्धतीच्या निष्पक्षपणाचा याहून मोठा दाखला मी तरी पाहिलेला नाही.

माझ्यापुरतं सांगायचं, तर मी बाजूला उभा राहून पाहणार होतो. पण जाळं ओढताना कोणीतरी "गुरुजी, दोर धरा" म्हटलं, आणि मला नाही म्हणता येत नाही हा माझा स्वभाव. गाळात माझी एक चप्पल गेली. ती अजून तिथेच असावी. उपविधीची कागदं भिजली आणि त्यावर रोहूची दोन खवलं चिकटली. वरच्या ऑफिसात मी ती तशीच दिली. केवळरामजी नाकाला रुमाल लावून दूर मोहाच्या झाडाखाली बसले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

वाटे पडले. आपल्या वाट्यासमोर रेवताबाई बसली आणि तिनं तो दोनदा मोजला. मग ती मुरारीला म्हणाली, "यंदाही मले कोणी सांगतलं नाई रे. पण यंदा कोणालेच नाई सांगतलं." आणि तिनं आपल्या वाट्यातला एक रोहू उचलून त्याच्या टोपलीत टाकला. का टाकला ते मला तेव्हा कळलं नाही आणि मुरारीलाही कळलं नसावं. तो नुसता टोपलीकडे बघत राहिला.

*

अर्थात मुरारी तो मुरारीच. तुलारामकडून त्याला सगळी हकिकत कळली आणि त्यानं अपील केलं: झोपेत दिलेला निर्णय चालते का?

"मी जन्मभर कोर्टात उभा राहिलो," केवळरामजींनी उत्तर दिलं, "झोपेत दिलेलेच निर्णय वर टिकतात. जागेपणी दिलेले बदलतात." मुरारी इतका हसला की त्यानं अपील मागे घेतलं.

पावसाळा संपता संपता वरच्या ऑफिसातून उत्तर आलं. आता तिथे दुसरे साहेब होते. 'मोहटोला संस्थेचा उपविधी नामंजूर करण्यात येत आहे. कारणे गोपनीय असल्याने कळविता येत नाहीत.' मी तडक ऑफिसात गेलो आणि विचारलं, याच्यावर अपील कुठे करायचं? टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "इथंच. माझ्याजवळ द्या. नामंजुरीचा मसुदा मीच केला आहे, तुमचं काम लवकर होईल."

मी जड मनानं मोहटोल्याला गेलो. चिंचेखाली सभा भरली. मी पत्र वाचून दाखवलं.

"नामंजूर म्हंजे काय जी?" रेवताबाईनं विचारलं.

"म्हणजे असा नियम संस्थेला करता येत नाही."

"पण आमी तं केला."

मी नागरिकशास्त्राचं अख्खं पुस्तक मनातल्या मनात चाळलं. याचं उत्तर त्यात नव्हतं.

मुरारी उठून उभा राहिला. मला वाटलं, आता हा आपला जुना कारभार परत मागणार. पण तो चारी बाजूंना पाहून हळू आवाजात म्हणाला, "गुरुजी, हे पत्र जोरात वाचू नका. बाहेर कोणाले कळलं का नियम नामंजूर आहे, तं उगाच मोडाव लागन. मी म्हणतो, ही गोष्ट गावातल्या गावातच ठेवू. कोणाले सांगू नका."

मी केवळरामजींकडे पाहिलं. माहिती मिळालीच पाहिजे म्हणून उभी केलेली आमची सगळी व्यवस्था, आणि आता सेक्रेटरी माहिती दडवायचा ठराव मांडत होता. त्यांनी डोळे मिटले. यावेळी ते जागे आहेत याची मी खात्री करून घेतली.

"गावात सगळ्यांले सारखं माहीत आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो जी!" गाव म्हणालं.

"मग बाहेर न सांगायले हरकत नाही."

ठराव मताला टाकला. पहिला हात वर गेला तो रेवताबाईचा.